नामदार जगन्नाथ शंकरशेट आणि त्यांची मुंबई

प्रतिवर्षी 31 जुलै रोजी आपल्या ज्ञातीतील मंडळी एकत्र जमतात, कै. नामदार जगन्नाथ शंकरशेट यांच्या तसबिरीस हार घालतात, चार शब्द बोलले जातात आणि पानसुपारी होऊन सभा विसर्जन पावते. प्रस्तुत लेखकही अशा अनेक सभांस हजर राहिलेला आहे, आणि तेथे बोललेल्या चार शब्दांपैकी दोन कधीकधी त्याचेही असत. परंतु सेवानिवृत्तीनंतर थोडी सवड मिळाल्यावर मनात असा विचार आला की, ज्या पुरुषाला आपण मोठ्या अभिमानाने आपला म्हणतो, त्याने नेमके केले काय, हे आपल्या घरातील मुलांना विचारले तर किती जणांना सांगता येईल? शाळेत असताना आम्हां विद्यार्थ्यांना हे नाव ठाऊक होते ते संस्कृत विषयात पहिल्या येणाऱ्यास मिळणाऱ्या शिष्यवृत्तीमुळे. ती मिळवण्याचे स्वप्न वर्गातील दोघेतिघे पाहत असत. लेखकाची गाडी मात्र उत्तीर्ण होण्यापलीकडे कधी गेली नाही. शिष्यवृत्तीच्या नावामागे एक माणूस होता, आणि त्या माणसामागे एक वाढते, धडपडते शहर होते, हे कळण्यास पुढे पुष्कळ वर्षे जावी लागली. जे उशिरा कळले ते या स्मरणिकेच्या वाचकांस सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

नानांचा जन्म 10 फेब्रुवारी 1803 चा. घराणे मुरकुटे यांचे, मूळ संबंध ठाणे जिल्ह्यातील मुरबाडशी. त्यांचे पूर्वज अठराव्या शतकात मुंबईस आले आणि व्यापारउदिमात त्यांनी मोठी संपत्ती मिळवली. आता योगायोग असा की, नानांच्या जन्मानंतर अवघ्या एका आठवड्याने, म्हणजे 17 फेब्रुवारी 1803 रोजी, मुंबईच्या कोटात भयंकर आग लागली. कोटाच्या आत दाटीवाटीने वसलेल्या देशी वस्तीचा मोठा भाग त्या आगीत जळून गेला. त्यानंतर सरकारने कोटाबाहेरचे मैदान मोकळे राखण्याचे धोरण अधिक कडक केले, आणि कोटातील पुष्कळ देशी लोकांना मैदानापलीकडे, उत्तरेच्या बाजूस, घरे बांधावी लागली. काळबादेवी, भुलेश्वर, गिरगाव, मांडवी या भागांत जी दाट वस्ती पुढे वाढली, तिच्या वाढीला या घटनेने मोठी गती दिली. म्हणजे ज्या नगरीच्या प्रश्नांसाठी नानांनी आपले आयुष्य वेचले, ती देशी मुंबई आणि नाना हे जवळजवळ एकाच वेळी वाढीस लागले, असे म्हणण्यास हरकत नाही.

नानांचे शिक्षण घरीच झाले. मराठी, संस्कृत यांबरोबर इंग्रजीचेही चांगले ज्ञान त्यांनी मिळवले. 1822 साली वडील शंकरशेट निवर्तले, तेव्हा नानांचे वय एकोणीस वर्षांचे होते. एवढ्या कोवळ्या वयात हाती अमाप संपत्ती आली म्हणजे तरुणाचे काय होते, याची उदाहरणे आपण सर्वांनी पाहिली आहेत. नानांनी पेढीचा कारभार नीट सांभाळला. त्यांच्या सचोटीचा लौकिक एवढा झाला की, अरब व अफगाण व्यापारीसुद्धा आपला पैसा बँकेपेक्षा त्यांच्याकडे ठेवणे पसंत करीत, असे सांगतात. हा विश्वास हेच त्यांचे खरे भांडवल होय. पुढील चाळीस वर्षे सार्वजनिक कामात त्यांनी जे खर्च केले, त्यात रुपयांबरोबर या विश्वासाचाही मोठा वाटा होता.

वडील गेले त्याच 1822 साली गव्हर्नर एल्फिन्स्टन यांच्या उत्तेजनाने मुंबईत शाळा व शाळेची पुस्तके यांसाठी एक मंडळी निघाली. हीच पुढे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी म्हणून प्रसिद्धीस आली, आणि नाना तिच्या प्रमुख आधारस्तंभांपैकी एक झाले. 1827 मध्ये एल्फिन्स्टन स्वदेशी परतले, तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ दोन लाखांहून अधिक रुपयांचा निधी लोकांनी गोळा केला. त्या निधीचे पुतळ्यात रूपांतर न करता तो प्राध्यापक नेमण्याकडे लावावा असे ठरले, आणि त्यातून पुढे एल्फिन्स्टन विद्यालय उभे राहिले. 1840 मध्ये सरकारने शिक्षण मंडळ स्थापन केले, त्यावर देशी लोकांचे प्रतिनिधी म्हणून जे तिघे निवडले गेले त्यांत नाना होते. 1856 पर्यंत, म्हणजे सोळा वर्षे, ते त्या मंडळावर राहिले. या काळात मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांनी इंग्रजी शिक्षणावर भर देण्याचा आग्रह धरला. नानांनी आपल्या सहकाऱ्यांसह त्यास विरोध केला. स्वतः इंग्रजी उत्तम जाणणाऱ्या या गृहस्थाचे म्हणणे असे होते की, सामान्य लोकांपर्यंत ज्ञान पोहोचवायचे असेल तर ते त्यांच्याच भाषेतून पोहोचेल. जन्मभर मराठी शाळेत फळ्यापुढे उभा राहिलेल्या लेखकास हा प्रसंग वाचताना विशेष समाधान वाटले, हे येथे मोकळेपणाने सांगतो.

1848 साली एल्फिन्स्टन विद्यालयातील तरुणांनी विद्यार्थ्यांची ज्ञानप्रसारक सभा काढली, आणि पुढील वर्षी मुलींच्या शाळा सुरू केल्या. मुलींना शिकवणे म्हणजे घराण्यास बट्टा, अशी समजूत त्या काळी मोठमोठ्या कुटुंबांत होती. अशा वेळी मराठी मुलींच्या शाळेसाठी नानांनी गिरगावातील आपल्या वाड्यात जागा दिली. पैसे देणे सोपे असते. परंतु स्वतःच्या घराच्या आवारात, सर्व जातभाईंच्या डोळ्यांदेखत, मुलींची शाळा भरवणे यासाठी निराळेच धैर्य लागते. ज्याच्याकडे बोट दाखवण्याची कोणाची छाती नव्हती, त्याने आपला मान या लहान मुलींच्या पाठीशी उभा केला. आपल्या घराघरांत आज ज्या मुली डॉक्टर, वकील, अभियंत्या होत आहेत, त्यांनी त्या वाड्यातील पाटी-पेन्सिलीची एकवार आठवण करावी.

आता मुंबई नगरीच्या बांधणीकडे वळू. 1849 च्या गणतीत मुंबईची लोकसंख्या 5,66,119 भरली, आणि 1864 मध्ये ती 8,16,562 झाली. पंधरा वर्षांत अडीच लाख माणसे वाढली, ती एका चिंचोळ्या बेटावर. पाणी कोठून आणावे, मैला कोठे न्यावा, रस्ते किती रुंद असावेत, मेलेल्यांना कोठे दहन करावे, असे एकेक प्रश्न रोज उभे राहत होते. त्यांचा निर्णय करणारी लोकनियुक्त महापालिका त्या काळी अस्तित्वात नव्हती. शहराचा कारभार जस्टिस ऑफ दि पीस या पदावरील लोकांकडे असे. हे पद देशी गृहस्थांस 1834-35 च्या सुमारास खुले झाले, आणि पहिल्या मानकऱ्यांत नानांचा समावेश होता. 1845 च्या कायद्याने आरोग्य व सफाईसाठी एक मंडळ नेमण्यात आले. त्यात दोन सरकारी अधिकारी, दोन युरोपियन व तीन देशी जस्टिस अशी सात माणसे असत. म्हणजे पाच-सहा लाखांच्या शहरात देशी माणसाचा आवाज तीन खुर्च्यांपुरता! अशा स्थितीत शहरातील सामान्य रहिवाशाचे गाऱ्हाणे सरकारच्या कानी घालणारा कोणी वजनदार मनुष्य असणे किती गरजेचे होते, हे सांगावयास नको.

आगगाडीचेच उदाहरण घ्या. 1845 मध्ये नानांनी सर जमशेटजी जीजीभाई यांच्या सहकार्याने मुंबईत रेल्वे यावी म्हणून मंडळी स्थापन केली. पुढे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनी निघाली तेव्हा तिच्या संचालकांत हे दोघेही होते. 1850 च्या अखेरीस शीवनजीक कामास आरंभ झाला, आणि 16 एप्रिल 1853 रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली गाडी निघाली. चौदा डबे, तीन इंजिने आणि सुमारे चारशे निमंत्रित पाहुणे, एकवीस तोफांची सलामी, आणि एकवीस मैलांचा प्रवास. आज त्याच रुळांच्या आसऱ्याने डोंबिवली, कल्याण, बदलापूर येथे आपल्या ज्ञातीची शेकडो कुटुंबे राहतात व रोज मुंबईस येऊन पोट भरतात. शहर बेटावर मावेनासे झाले तेव्हा त्याला पाय पसरण्यास वाट करून दिली ती या लोखंडी रस्त्याने.

पुढच्याच वर्षी, 1854 च्या उन्हाळ्यात, मुंबईत पाण्याचे दुर्भिक्ष पडले. विहिरी व तलाव आटले, गुरे शहराबाहेर माहीमकडे न्यावी लागली, आणि होड्यांनी व नव्या आगगाडीने पाणी आणण्याची वेळ आली. तेव्हा कोठे तलाव-विहिरींच्या भरवशावर हे शहर जगणार नाही हे सर्वांस पटले. 1856 मध्ये विहार तलावाचे काम सुरू झाले व 1860 मध्ये त्याचे पाणी नळाने मुंबईत आले. नळ आले म्हणजे कर आले, आणि कर आले म्हणजे तो कोणी किती द्यावा हा वाद आला. रस्ते, पाणी, सफाई हे विषय निव्वळ तज्ज्ञांचे नसून पैसे भरणाऱ्या व त्रास सोसणाऱ्या रहिवाशांचेही आहेत, ही जाणीव याच काळात मुंबईकरांत हळूहळू रुजली.

करमणुकीचाही प्रश्न होता. कोटातील जुने इंग्रजी नाटकघर कर्जापायी बंद पडून विकले गेले होते. नवे नाटकघर असावे म्हणून खटपट झाली, तेव्हा नानांनी ग्रँट रोडवर आपली जागा दिली, आणि 1846 साली तेथे नाटकशाळा उघडली. साहेब लोकांना ती जागा फार लांब वाटे. देशी वस्तीला मात्र ती जवळ पडली. परिणाम असा झाला की, ज्या रंगभूमीवर इंग्रजी खेळ व्हावयाचे तेथे मराठी, गुजराती व हिंदुस्थानी नाटके होऊ लागली. 1853 मध्ये सांगलीहून आलेल्या विष्णुदास भावे यांच्या मंडळीचे खेळही या नाटकशाळेत झाले. इमारत कोठे बांधली यावर ती कोणाची होणार हे ठरते, हा धडा यातून घेण्यासारखा आहे.

परंतु लेखकास नानांच्या सर्व कार्यांत जो प्रसंग सर्वांत हृदयस्पर्शी वाटतो, तो सोनापूरच्या स्मशानाचा. गिरगावाच्या पश्चिमेस, समुद्राच्या बाजूला हिंदूंची दहनभूमी होती. पूर्वी ती वस्तीच्या बाहेर होती, परंतु शहर वाढता वाढता तिच्या अंगणाशी येऊन ठेपले. ही भूमी येथून हलवून दूर शिवडीस न्यावी, असा सरकारचा बेत झाला. आपण निःपक्षपातीपणाने विचार केला पाहिजे. अधिकाऱ्यांचे म्हणणे अगदीच वेडगळ नव्हते. दाट वस्तीशेजारी अहोरात्र चिता जळत आहेत, धूर घरांत शिरतो आहे, पटकीसारख्या साथी दरवर्षी माणसे नेत आहेत, अशा वेळी आरोग्याची काळजी वाहणाऱ्यांना ही जागा खटकावी हे स्वाभाविक होते. नकाशावर बोट ठेवून पाहिले तर शिवडी मोकळी होती आणि गिरगाव भरलेले होते.

परंतु नकाशावर जे बोटभर अंतर दिसते, ते प्रेत खांद्यावर घेऊन चालणाऱ्यास चार-पाच मैल असते. श्रीमंताघरी माणसे जमतात, गाडीघोडा मिळतो. गिरणीत वा गोदीत राबणाऱ्या, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या माणसाच्या घरी मृत्यू झाला तर चार खांदेकरी मिळणेही कठीण. त्याने आषाढाच्या धारेत, चिखलातून, शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कसे जावे? त्या दिवसाचा रोजगार बुडणार, लाकडांचा खर्च वाढणार, आणि वृद्ध आई-बाप, बायका-मुले यांना परत येईतो रात्र होणार. नानांच्या स्वतःच्या घराला यातली कोणतीच अडचण नव्हती. तरीही त्यांनी हा प्रश्न हाती घेतला, लोकांची बाजू सरकारपुढे नेटाने मांडली, आणि अखेर स्मशानभूमी सोनापूरलाच राहिली. शहराच्या रचनेचा विचार करताना सर्वांत दुबळ्या रहिवाशाच्या पायाने अंतर मोजावे, एवढाच त्यांच्या लढ्याचा अर्थ होता, असे लेखकास वाटते. एखादी गैरसोय दिसली म्हणजे ती उचलून गरिबांच्या दारी अथवा दूर ठेवून देणे हा नगररचनेचा सोपा मार्ग आहे. जागच्या जागी ती सुधारणे हा कठीण मार्ग आहे.

एकट्यादुकट्याने अर्ज करून भागणार नाही, लोकांची कायमची संस्था हवी, हे नानांनी ओळखले होते. 26 ऑगस्ट 1852 रोजी बॉम्बे असोसिएशनची स्थापना झाली, आणि तिचे अध्यक्षपद नानांकडे आले. दादाभाई नवरोजी, डॉ. भाऊ दाजी यांसारखे तरुण विद्वान त्यांच्याबरोबर होते. हिंदू, पारशी, मुसलमान, ज्यू अशा सर्व समाजांतील गृहस्थ एका सभेत बसून राज्यकारभाराच्या उणिवांची चर्चा करू लागले आणि पार्लमेंटकडे अर्ज पाठवू लागले. आपल्या ज्ञातीचा पुढारी ज्ञातीच्या कुंपणात बसून राहिला नाही, ही गोष्ट ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत तरी आवर्जून नोंदली पाहिजे. त्यांना ज्ञातीचे प्रेम नव्हते असे नव्हे. परंतु शहर चांगले झाले तर त्यात ज्ञातीचे हित आपोआप आले, अशी त्यांची धारणा त्यांच्या वागण्यातून दिसते.

या मोकळेपणाची किंमतही त्यांना मोजावी लागली. 1857 च्या उठावाच्या वेळी बंडवाल्यांशी त्यांचे संधान असावे असा संशय सरकारदरबारी घेतला गेला. पोलीस अधिकारी फोर्जेट यांच्यामार्फत त्यांच्यावर नजर ठेवण्यात आली. ज्याच्या पाहुणचारास गव्हर्नर येत, त्याच्याच दारावर हेर फिरू लागले. शेवटी संशयास काहीच आधार मिळाला नाही व ते निर्दोष ठरले. दुसरा कोणी असता तर या अनुभवानंतर त्याने सार्वजनिक कामास रामराम ठोकला असता. नाना मात्र पुन्हा पूर्वीच्याच शांतपणे कामास लागले. त्याच 1857 मध्ये मुंबई विद्यापीठ निघाले, त्याच्या पहिल्या फेलोंत त्यांचे नाव आहे. 1861 च्या कायद्यान्वये मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात देशी सभासद घेतले गेले, त्यांतही ते होते. आपण त्यांस नामदार म्हणतो ते याच पदामुळे. भायखळ्याचा राणीचा बाग व तेथील वस्तुसंग्रहालय यांच्या उभारणीतही त्यांनी डॉ. भाऊ दाजी व डॉ. बर्डवुड यांच्यासह परिश्रम केले. 1862 मध्ये संग्रहालयाची कोनशिला बसली. 1872 मध्ये ते लोकांस खुले झाले तेव्हा नाना हयात नव्हते.

त्यांचा अंतकाळ मुंबईच्या मोठ्या कसोटीच्या काळात आला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव गगनास भिडले होते आणि मुंबईत पैशाचा पूर आला होता. समुद्र हटवून जमीन काढण्याच्या कंपन्या निघाल्या, त्यांच्या भागांचे भाव चढले, आणि कारकुनापासून शेटजीपर्यंत सर्वांना सट्ट्याने झपाटले. 1865 च्या वसंतात युद्ध संपले. 1 जुलै 1865 रोजी वायदे पुरे करण्याचा दिवस उगवला आणि नामांकित पेढ्या कोसळल्या. त्याच दिवशी शहराच्या कारभाराचा नवा कायदा अमलात येऊन म्युनिसिपल कमिशनरच्या हाती सत्ता आली. त्याच महिन्याच्या 31 तारखेस नाना कालवश झाले. पुढे ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यांवर ग्यासचे पहिले दिवे लागले. ते पाहण्यास ते राहिले नाहीत. कर भरणाऱ्यांना आपले प्रतिनिधी निवडण्याचा हक्क मिळण्यास 1872 चा कायदा यावा लागला.

त्यांच्या मागे स्मारके पुष्कळ झाली. टाऊन हॉलमध्ये त्यांचा संगमरवरी पुतळा आहे. गिरगावातील रस्त्यास त्यांचे नाव आहे, नाना चौक तर सर्वांच्या तोंडी आहे. 1991 साली त्यांच्या चित्राचे टपाल तिकीट निघाले. मुंबईच्या नव्या भुयारी मेट्रोच्या एका स्थानकासही त्यांचे नाव दिलेले आहे, आणि पहिल्या आगगाडीच्या या प्रवर्तकास ते शोभते.

परंतु ज्ञातिबांधवहो आणि भगिनींनो, स्मारकांची यादी वाचून आपले कर्तव्य संपते काय? आपल्यापैकी किती कुटुंबांचे मूळ घर गिरगाव, ठाकुरद्वार, भुलेश्वर येथील चाळींत होते आणि आज तेथे किती उरली आहेत, याचा हिशेब प्रत्येकाने मनाशी करावा. काहींनी सुखाने जागा सोडली, काहींना ती सोडावी लागली. जुन्या चाळी पडत आहेत, मनोरे उठत आहेत, आणि त्या मनोऱ्यांत जुन्या भाडेकरूला कोठे व किती जागा मिळावी याचा वाद घरोघर चालू आहे. नानांच्या वेळी सामान्य माणसास विचारणारे कोणी नव्हते. आज कायद्यानेच विकास आराखड्यावर हरकती व सूचना मागवाव्या लागतात. 2015 साली मुंबईच्या आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला, तेव्हा हजारो नागरिकांनी हरकती नोंदवल्या आणि सरकारला तो मसुदा मागे घेऊन नव्याने तयार करावा लागला. म्हणजे बोलले तर ऐकले जाते, याचा पुरावा आपल्या डोळ्यांसमोर आहे. त्या हजारोंत आपण होतो का? लेखक नव्हता, हे त्यास संकोचाने कबूल करावे लागते. त्या वेळी नाव ऐकले, वर्तमानपत्र घडी करून ठेवले, आणि हे काम जाणत्यांचे आहे असे म्हणून तो स्वस्थ बसला.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने एक अल्पशी सूचना करावीशी वाटते. पुढील 31 जुलैस हार जरूर घालावा, पानसुपारीही व्हावी. परंतु त्याच सभेत आपण जेथे राहतो त्या वस्तीचा एक तरी प्रश्न, मग तो पाण्याचा असो, शाळेच्या मैदानाचा असो वा स्मशानाच्या वाटेचा असो, घेऊन त्यावर तासभर चर्चा करावी, शेजारच्या इतर समाजांतील मंडळींसही बोलवावे, आणि ठरेल ते लेखी करून योग्य ठिकाणी पाठवावे. ज्ञातीतील वकील, अभियंते व शिक्षक यांनी मजकूर तयार करण्यास मदत करावी. तरुणांनी पाठपुरावा करावा. एवढे घडले तर तसबिरीतील त्या करारी मुद्रेच्या पुरुषास वाहिलेला तो खरा हार ठरेल. वय झाले असले तरी अर्जाचा मसुदा सुवाच्य अक्षरात लिहून देण्याचे काम लेखक आनंदाने पत्करील, आणि या खेपेस वर्तमानपत्राची घडी करून स्वस्थ बसणार नाही, एवढे अभिवचन देऊन हा लेख संपवतो.